सव्वीस अंश

मरलमा, किल्ली तुझ्या आईकडे दिली आहे.
बाहेरचं लोखंडी दार ओढताना हातमोजा काढू नकोस.

मासा एकच. निळा, फायटर जातीचा.
टाकी दहा लिटरची,
म्हणजे तुमच्या सूपाची दोन पातेली.
एवढंसं पाणी म्हणजे तापट माणूस,
लगेच चढतं, लगेच उतरतं,
मनात काही धरून ठेवायची ताकद नसते त्याच्यात.
खोव्सगोल सरोवराला बर्फ विसरायला
अख्खा वसंत लागतो,
याला खिडकीची एक फट पुरते.

तर आधी खिडकी.
रेडिएटर तापला की वरची झडप उघडावीशी वाटेल,
सगळ्या उलानबातरला वाटतं.
उघड, पण स्वयंपाकघरातली.
टाकी मी दोघांपासून सारखीच लांब ठेवली आहे,
भांडणाऱ्या दोन जावांमध्ये
पोर बसवावं तशी.

हीटर उजवीकडे. तापमापी मुद्दाम डावीकडे.
हीटरजवळचं पाणी
हीटरचीच बाजू घेऊन बोलतं.
सव्वीस हवेत. पंचवीस चालतील.
तेवीस दिसले तर प्लग बघ.

शनिवारी दोन मग पाणी काढ, दोन मग घाल.
नळाचं नाही.
शेजारी झाकलेली बाटली आहे,
टाकीशेजारी राहून राहून टाकीसारखीच झालेली.
तरी मनगट बुडवून बघ.
बोटांवर भरवसा नको,
बोटं बाहेरून आलेली असतात.

वीज गेली तर
कपाटात दमदिनच्या गेरचा नमद्याचा तुकडा आहे.
मेंढीचा वास येईल, येऊ दे.
टाकीभोवती गुंडाळ, वर फट ठेव,
हा मासा श्वासासाठी वर येतो.
किटलीतलं पाणी थेट ओतायचं नाही.
बाटलीत भर, बूच घट्ट लाव, तरंगत सोड.
आणि पारा उतरलाच असेल
तर धावाधाव करून वर आणू नकोस.
तासाला एक अंश. फार तर.

हे मला माशाने शिकवलं नाही.
औष्णिक केंद्रात एकतीस वर्षं काटे वाचले मी.
पहिल्या मजल्यावरून फोन यायचा: गोठलो.
नवव्यावरून: उकडलो.
पाइप एकच.
एकदा उणे अडतीसच्या रात्री पंप बसला.
चालू झाला तेव्हा उजाडायला आलं होतं
आणि मी झडप पुरती फिरवायला गेले.
चोइजम्त्सने मनगट धरलं माझं.
म्हणाला, गारठलेलं लोखंड
मायेनेही फुटतं, हंदमा.
तीन तास घेतले आम्ही.
शहर शिव्या घालत राहिलं.
एक सांधा फुटला नाही.

दमदिनकडे चारशे वीस मेंढ्या होत्या.
आता मोजायला दोन माणसं कशाला, असं म्हणत होता.
मी जातेच आहे.
डोंगराआड फोन लागत नाही,
म्हणून काही झालंच
तर कळवायची धडपड करू नकोस.
आल्यावर बघेन.

रात्री तो हलत नसला
तर काचेवर टिचकी मारू नकोस.
झोपलेला असतो.
पापणीच नाही, तर मिटणार काय?

हीटरचा लाल दिवा विझला तरी घाबरायचं नाही.
विझतो तेव्हाच सगळं ठीक असतं.
दोन तास पेटलेलाच राहिला
तर मात्र आईला हाक मार.

डब्यात आरूल आहे, तुझ्यासाठी.
त्याला घालू नकोस.
मागच्या वेळी घातलं होतंस,
मला कळलं होतं.